वांगी रंगाचं थान

सिंदी रेल्वेच्या बाजार ओळीत पुंडलिकरावांचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर पुंडलिकराव सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत मांडी घालून बसत. आता मांडी घालून बसण्यात कसली आली कर्तबगारी, असं कोणी म्हणेल. म्हणा बापडे. पण समोर सात-आठ बाया बसलेल्या, त्यांच्यामागे त्यांच्या सासवा, डोक्यावर पंख्याची गरम हवा, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि नेमकी त्याच वेळी दोन्ही जांघांत कोणी लाल तिखट चोळल्यासारखी खाज सुटलेली. अशा वेळी मांडी न हलवता हसून दाखवा, मग बोला.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. पुंडलिकरावांची खाज तेव्हा चांगली वर्षाची झाली होती, वाढदिवस तेवढा करायचा राहिला होता.

तिचा जन्म कसा झाला तेही सांगितलं पाहिजे. आदल्या उन्हाळ्यात पुंडलिकराव नागपूरहून नायलॉनच्या चड्ड्यांचा एक गठ्ठा घेऊन आले. चकचकीत पाकीट, त्यावर गोऱ्या माणसाचा फोटो. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी माल स्वतः वापरून पाहावा हा त्यांचा नियम, म्हणून पहिल्या सहा त्यांनीच ठेवून घेतल्या. वरून टेरिकॉटची घट्ट पॅन्ट. चहूकडे मैलोगणती कापूस पिकतो, गाडीच्या गाड्या भरून बाजारात येतो, आणि त्या कापसाच्या मधोमध बसलेल्या या शहाण्यानं अंगाला सुताचा धागा म्हणून लागू दिला नाही. कापडवाला कसा झकपक दिसला पाहिजे ना! मग पंधरा दिवसांत जांघेत टिकलीएवढं लाल कडं उठलं, महिन्याभरात ते बांगडीएवढं झालं आणि दिवाळीपर्यंत त्याला भाऊबंदही झाले.

खाजेनं माणूस मरत नाही, हे खरं. पण कापडवाल्याची अब्रू मरते. पुंडलिकरावांच्या दुकानात बाया यायच्या त्या भावासाठी नाही, भावात तर ते एक नंबरचे चिकट. बाया यायच्या त्यांच्या रीतभातीसाठी. "पुंडलिकभाऊ मान वर करून पाहत नाई," अशी त्यांची पंचक्रोशीत कीर्ती. असा माणूस बायांसमोर जांघ खाजवताना दिसला, तर दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नसती.

आणि त्याहून मोठी भीती होती ती मंदाबाईंची. मंदाबाई म्हणजे पुंडलिकरावांची बायको. रेल्वेलाइनच्या कडेची एकही भिंत तेव्हा रिकामी नसायची. 'गुप्तरोग, निराश होऊ नका, आजच भेटा' असं चुन्यानं लिहिलेलं. पुंडलिकराव महिन्यातून एकदा माल भरायला नागपूरला जात, कधी लॉजवर मुक्कामही पडे. मुक्काम पडला की मंदाबाई पुढचे दोन दिवस भाजीत मीठ कमी टाकत, बोलत काहीच नसत. अशा बाईला नवऱ्याच्या जांघेतली लाल कडी दिसली तर ती काय समजेल? बिचाऱ्यानं नागपूरला सूत आणि साड्यांखेरीज कशालाही हात लावलेला नव्हता. पण हे सिद्ध कसं करणार? म्हणून त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं, जीव गेला तरी चालेल, पण मंदाला कळता कामा नये.

मग सुरू झाले चोरून उपाय. टाल्कम पावडर झाली. कडुनिंबाचं पाणी झालं. एकदा सरबताच्या निमित्तानं लिंबू कापलं आणि अर्धं न्हाणीघरात नेलं, तिथे जो नाच झाला, तो मंदाबाईंनी दाराबाहेरून ऐकला आणि विचारलं, "काय झालं वो?" आतून उत्तर आलं, "भजन म्हणून राह्यलो." मग वर्धेच्या गाडीत "दाद, खाज, खुजली, जड से साफ" ओरडत फिरणाऱ्याकडून पत्र्याच्या डबीतलं मलम घेतलं. त्यानं खाज नाही, कातडी जड से साफ झाली.

दुकानात मात्र पुंडलिकरावांनी एक युक्ती काढली, आणि ती मानली पाहिजे. खाज उठली की ते जवळचं कापडाचं थान ओढत आणि सर्रकन आपल्या मांडीवरून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उलगडत. "पाहा ताई, पोत पाहा! हात लावून पाहा!" बाया पोत पाहत आणि थानाखाली पुंडलिकरावांचा हात आपलं काम उरकून घेई. खाज जोराची असली की एकावर एक पाच-पाच थानं उलगडली जात. बायांना वाटे, काय मनाचा मोठा माणूस, एक ब्लाउजपीस मागितलं तर अख्खं दुकान मांडतो. त्या वर्षी त्यांची विक्री वाढली. दुकानातला म्हातारा गुमास्ता डोमाजी, जो पुंडलिकरावांच्या वडिलांपासून तिथे होता, तो रोज संध्याकाळी ढीगभर थानं परत गुंडाळत बसे आणि म्हणे, "भाऊ, यंदा तुमाले कामाचा लय हुरूप आला."

आणि अशा हुरुपाच्या दिवसांत, संक्रांतीच्या सुमाराला, मंदाबाई एकदा दुकानाच्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. सारखी पायांची अदलाबदल, सारखं पातळ सावरणं. पुंडलिकराव डोमाजीसमोरच खेकसले, "काय सारखी चुळबुळ करून राह्यली? बायामाणसाले शोभते का हे?" मंदाबाई घरी गेल्या. रीतभातीचे महामेरू पुन्हा थान उलगडायला लागले.

मंदाबाई पोळा झाल्यापासूनच आतल्या खोलीत वेगळ्या खाटेवर झोपत. काहीतरी व्रत आहे म्हणाल्या. कोणतं व्रत, किती दिवसांचं, हे पुंडलिकरावांनी विचारलं नाही. उलट बरं झालं म्हणाले, आपली कडी झाकलेली राहतील.

शेवटी सोसेना तेव्हा डॉक्टरकडे जायचं ठरलं. सिंदीत जायचा प्रश्नच नव्हता, कंपाउंडर रोजचं गिऱ्हाईक. वर्धेत डॉक्टरांना काही तोटा नाही, पण वर्धेत साडू होता आणि साडूचे डोळे फार लांबचं पाहत. म्हणून हा माणूस सकाळच्या गाडीनं वर्धेला, तिथून एसटीनं आर्वीला गेला, "माल पाहाले जातो" असं सांगून. दवाखान्यात नाव लिहिलं, बाबाराव. बाकावर पाच जण बसलेले, सगळे मांड्या आवळून, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. थोड्या वेळानं कंपाउंडर दारात येऊन गरजला, "बाबाराव! जांघेतली खाज! बाबाराव कोण आहे?" कोणी उठेना. पुंडलिकरावही मान फिरवून तो निर्लज्ज बाबाराव कोण ते पाहू लागले. तिसऱ्या हाकेला त्यांना आठवलं.

डॉक्टर रोखठोक होते. "ही बुरशी आहे. घाम, ओल आणि घट्ट कपडे. यात लाजण्यासारखं काही नाही. धंदा काय तुमचा?"

"कापडाचा."

"कापडाचा! आणि आत काय घालता, नायलॉन?" डॉक्टरांनी चष्मा काढून पाहिलं. "सैल सुती कपडे घाला. आंघोळ झाली की अंग कोरडं करा. टॉवेल आपला वेगळा ठेवा, कपडे उन्हात वाळवा. ही ट्यूब चार आठवडे लावायची, खाज थांबली तरी लावायची. घरात आणखी कोणाला आहे का? बायकोला?"

"नाई," पुंडलिकराव पटकन म्हणाले. "बायको माहेरी असते."

"असेल तर तिलाही औषध द्यावं लागेल, एकाच वेळी. नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत घेतो."

पुंडलिकरावांनी मान डोलावली, आणि या सगळ्यातलं फक्त ट्यूबचं तेवढं मनावर घेतलं.

आता ट्यूब ठेवायची कुठे? घरात मंदाबाईंच्या झाडूपासून काही लपत नाही. दुकानात मात्र वरच्या फळीवर, गादीवर बसल्या हाताला लागेल असं, वांगी रंगाच्या जॉर्जेटचं एक थान होतं. नऊ वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं आणलेलं. नऊ वर्षांत एका बाईनं त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, इतका तो रंग वाईट. त्या थानाच्या मागे, आर्वीच्या मेडिकलच्या कागदी पुडीसकट ट्यूब गेली. दुपारी एक ते तीन पुंडलिकराव जेवायला आणि डोळा लावायला घरी जात, तेवढा वेळ गादीवर मंदाबाई बसत. पण त्यांचा काय संबंध वांगी थानाशी? पुंडलिकरावांनी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हात झटकले.

दहाच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की ट्यूब फार झपाट्यानं बारीक होते आहे. आपण लावतो वाटाण्याएवढं, आणि ही रोज अंगठ्याएवढी आत जाते. चार आठवड्यांची ट्यूब बारा दिवसांत चपटी. दुसरी आणली, तिचंही तेच. कोणीतरी चोरून लावत होतं!

पुंडलिकरावांचा संताप अनावर झाला. पण चोरीची बोंब मारावी तर कोणत्या तोंडानं? 'माझ्या जांघेचं मलम कोणी नेलं' असं बाजारात विचारायचं? संशय अर्थातच डोमाजीवर. दोन दिवस ते डोळ्यांत तेल घालून डोमाजीच्या धोतराकडे पाहत होते. म्हातारा खाजवतच नव्हता.

"डोमाजी, तुले काई तरास हाये का रे? आंगाचा वगैरे?"

"गुडघ्याचा हाये भाऊ. काऊन?"

"असंच."

मग त्यांनी ट्यूबच्या शेपटाला पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर दोरा जागेवर, गाठही जागेवर, फक्त गाठ त्यांच्या गाठीपेक्षा नीटनेटकी. ही चोराची मस्ती पाहून पुंडलिकरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि खाज? ती चार दिवस शहाण्यासारखी जाई, पाचव्या दिवशी परत येई. डॉक्टर लुच्चा आहे, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

मे महिन्यात जामहून महादेवरावांचा बस्ता आला. महादेवरावांचं जामच्या चौफुलीवर मोठं हॉटेल, एकुलत्या एक मुलीचं, सुरभीचं लग्न, आणि लग्नाचं अख्खं कापड एका बैठकीत घ्यायचं. म्हणजे चौदा बाया आणि दिवसभराची बैठक. महादेवराव बाहेर खुर्चीवर पेपर तोंडावर घेऊन झोपले आणि आत सगळा कारभार त्यांच्या बहिणीच्या, कोकिळाबाईंच्या हाती गेला. कोकिळाबाई साडीकडे पाहण्याआधी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत. मंदाबाई पन्हं आणि चहा द्यायला सकाळपासून दुकानातच होत्या.

दुपारपर्यंत पुंडलिकरावांनी साठेक थानं उलगडली होती. अंगातून घामाच्या धारा, आत नायलॉन, खाली आग. कोकिळाबाई नवरीच्या शालूवर बोट फिरवत म्हणाल्या, "मामीले द्याले काईतरी वेगळं दाखवा. ते वरचं काय व्हय? ते वांगी कलरचं?"

पुंडलिकरावांची पाचावर धारण बसली. "ते... ते डागी हाये."

"नाई भाऊ," डोमाजी प्रामाणिकपणे म्हणाला, "एक डाग नाई त्याले. नऊ वर्षं झाले, कोणी हातच नाई लावला."

"ते विकलं हाये!"

"कोणाले?" डोमाजी चकित झाला.

"काढा तं खरं," म्हणत कोकिळाबाई स्वतःच उठल्या आणि त्यांनी थानाचं टोक धरून ओढलं. थान आलं, मागोमाग पुडी आली, पुडीतून ट्यूब निसटली आणि बरोबर नवरीच्या लाल शालूवर जाऊन पडली.

चौदा बायांनी ट्यूबकडे पाहिलं, आणि खोटं कशाला सांगा, चौदातल्या निदान नऊ जणींनी ती ओळखली. ज्यांनी ओळखली त्यांनी लगेच पंख्याकडे पाहिलं. कोकिळाबाईंनी ट्यूब उचलली, लांब धरून वरची अक्षरं वाचली आणि पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहिलं. पुंडलिकरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बावीस वर्षांची रीतभात, बाजार ओळीतलं नाव, सगळं त्या चपट्या ट्यूबमध्ये होतं.

"माही व्हय ते," मागून मंदाबाई म्हणाल्या.

चहाचा ट्रे खाली ठेवून त्या पुढे आल्या. "दिवसभर चुलीपुढं बसाचं, घामानं वलं झालेलं पातळ तसंच आंगावर वाळू द्याचं. मंग काय होईन? आना इकळे." ट्यूब घेऊन त्यांनी कमरेला खोचली आणि पुडी मुठीत धरली. मान खाली गेली नाही.

कोकिळाबाई खाली वाकून हळूच म्हणाल्या, "कोणत्या डॉक्टरची वं बाई?"

"आर्वीची."

"आर्वीची," मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं, आणि तीन-चार बाया जरा पुढे सरकल्या. पाच मिनिटांत वांगी जॉर्जेट अख्खं विकलं गेलं. मंदाबाईंच्या मानासाठी घेतलं, की त्या वातावरणात दुसरं काही सुचलं नाही म्हणून, देव जाणे.

दिवेलागणीला बस्त्याचे गठ्ठे घेऊन डोमाजी एसटीवर पोचवायला गेला. दुकानात दोघंच उरली. पुंडलिकराव गादीवर तक्क्याला टेकले. त्यांना आता सगळा उलगडा झाला होता. चोर घरातलाच! रागवावं की मोठ्या मनानं माफ करावं, याचा ते विचार करत होते. माफच करू, म्हणाले, शेवटी तिनं लाज राखली.

"मंदा," ते गंभीरपणे म्हणाले, "त्या ट्यूबचं..."

"राहू द्या आता," मंदाबाई म्हणाल्या आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. "त्या बायांसमोर तुमचं तोंड कसं झालं होतं! माझ्यासाठी एवढे घाबरले तुमी. म्हनून मले हिंमत आली बोलाची."

पुंडलिकराव तक्क्या सोडून सरळ बसले.

"संक्रांतीले तुमी डोमाजीसमोर रागावले ना, म्या लय रडली होती त्या दिवशी. कोणाले सांगता येत नाई, बसता येत नाई, उभं राहता येत नाई. अन् मंग आठ-दहा दिवसांनी थान झटकाले काढलं तं मागं ट्यूब. म्या दुपारी जिथं बसते, बरोबर तिथंच. म्या समजली. यायले बोलाची लाज वाटते, म्हनून ठेवली बिचाऱ्यायनं. बावीस वर्षांत एक गजरा नाई आणला तुमी, पन आर्वीपावतो गेले माझ्यासाठी. संपली का नवी आणली. गळू नये म्हनून दोरा बांधला, तोई म्या नीट बांधून ठेवला. एसटीडीवरून अंजूले सांगतलं म्या. म्हटलं, तुझा भाऊजी बोलत नाई, पन माणूस सोन्याचा हाये."

अंजू म्हणजे मंदाबाईंची बहीण, वर्धेच्या त्या लांबचं पाहणाऱ्या साडूची बायको.

मंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आवाज बारीक करून विचारलं, "एक विचारू? तुमाले तं नाई ना लागलं माह्यापासून? त्याच भेवानं म्या वेगळी झोपते. व्रत-ब्रत काई नाई."

आता पाहा नशीब माणसावर कसं मेहेरबान होतं. नुसतं 'थोडंसं लागलं' एवढं म्हणायचा अवकाश, की खाज बायकोची, औषध नवऱ्याचं, आणि त्यागही नवऱ्याचाच. नागपूर नाही, लॉज नाही, मीठ कमी नाही. दोन शब्द पुंडलिकरावांच्या जिभेवर येऊन बसलेसुद्धा होते. आणि त्याच वेळी, दिवसभराची दाबलेली, अशी काही खाज उसळून आली की विचारू नका. सवयीनं त्यांचा हात थानाकडे गेला. थान नव्हतं. गादी बस्त्यानं धुऊन नेली होती, मांडीवर ओढायला हातरुमालाएवढी चिंधी उरली नव्हती. आणि समोर ही बाई, सोन्याचा माणूस पाहत बसलेली.

पुंडलिकरावांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी, वर्षभरात पहिल्यांदा उघड्यावर, कराकरा खाजवून घेतलं.

थांबले तेव्हा मंदाबाई एकटक पाहत होत्या.

"कवापासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"मले पोळ्यानंतर झालं."

"हो."

"म्हंजे तुमच्यापासून." त्यांचा हात कमरेच्या ट्यूबवर गेला. "अन् ट्यूब?"

"माही होती," पुंडलिकराव गादीकडे पाहत म्हणाले. "नागपूरचं तसलं काई नाई मंदा, देवाशपथ. घामाचं हाये, कपड्याचं हाये. डॉक्टर म्हणे लाजाचं कारणच नाई. दोघांनी संगच औषध लावाचं म्हणे, नाईतर एकाचं दुसऱ्याले लागत राहते. घरी कोणाले हाये का, विचारलं होतं त्यानं."

"मंग तुमी काय सांगतलं?"

"बायको माहेरी असते म्हटलं."

बाहेरून मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत मंदाबाई मुठीतली पुडी चुरगळत होत्या. पुंडलिकराव ओरडा खायला तयार होऊन बसले होते. ओरडा आला असता तर बरं झालं असतं.

"आठ महिने," मंदाबाई म्हणाल्या, "आठ महिने म्या सोताले घाण समजून राह्यली. देवाजवळ दिवा लावाले हात पुढं जात नोता माहा. तुमाले लागू नये म्हनून उन्हाळ्यात आत कोंडून झोपली. अन् तुमाले सगळं मालूम होतं."

पुंडलिकरावांना लाज वाटत होती, खरीखुरी, पोटातून, आणि ती झाकायला जवळ काहीच नव्हतं. "चुकलं माहं," एवढंच त्यांना म्हणता आलं.

मंदाबाईंनी कमरेची ट्यूब काढून गादीवर टाकली. मग मुठीतली चुरगळलेली पुडी दिव्याखाली धरून सरळ केली. "अन् हा बाबाराव कोण? पुडीवर लिहेल हाये. म्या समजत होती, मेडिकलवाल्याचं नाव असंन."

पुंडलिकरावांनी मान आणखी खाली घातली. मंदाबाईंना कळलं. त्या उठल्या, फळीवरून पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा काढला, दोन लेंगे होतील एवढा, आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"डोमाजी आला का हे शिलाई मशीनवाल्याकडे द्या, सैल शिवाले सांगजा. अन् उद्या पहिल्या गाडीनं आर्वीले जाऊ, दोघंई," त्या दुकानाच्या किल्ल्या उचलत म्हणाल्या. "डॉक्टरले म्या सांगीन, बाबारावची बायको आजच माहेराहून आली म्हनून."